वंगण, पाणी, हवा : मोटारीच्या निगेचा इतिहास

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतात, हे खेड्यातल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. वर्षभर ज्याने जू वाहिले, त्या खांद्याची एक दिवस तरी चौकशी व्हावी, असा त्यातला भाव आहे. पण त्याच गोठ्याच्या बाजूला, पत्र्याच्या आडोशाला जी जीप, मोटार किंवा ट्रॅक्टर उभा असतो, त्याच्या खांद्याची चौकशी कोण करतो? दसऱ्याला त्याला झेंडूची माळ मिळते, पुढे लिंबू-मिरची बांधली जाते, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते. चाकात हवा किती आहे, हे मात्र त्या दिवशीही कोणी पाहत नाही.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. यंत्रशाळेशी माझा संबंध गिऱ्हाइकाचा, आणि तोही बहुधा संकटात सापडलेल्या गिऱ्हाइकाचा. तरी आज मोटारीच्या निगेवर बोलायला बसलो आहे. कारण निगा ही एक सवय आहे, आणि सवयींनाही इतिहास असतो. त्या कशा जन्मतात, कशा मरतात, आणि कधीकधी मरू नये त्या वेळी कशा मरतात, हे पाहण्यासारखे असते.

सुरुवात बैलगाडीपासूनच केली पाहिजे. गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. एरंडेलात कालवलेली राख, त्यात बुडवलेली एखादी चिंधी. चाक कुरकुरू लागले की गाडीवान उतरायचा, खीळ काढून चाक थोडे सरकवायचा, आसाला वंगण फासायचा आणि पुन्हा मार्गाला लागायचा. यात एक गोष्ट ध्यानात घ्या. वंगण कधी घालायचे, हे त्याला कोणी पुस्तकात लिहून दिले नव्हते. गाडी स्वतःच सांगत होती. तिला तोंड होते. अर्ध्या कोसावरून ऐकू जाईल असे तोंड होते!

एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस मुंबईत मोटारी आल्या आणि हळूहळू त्या आग्रा रोडने नाशिककडे येऊ लागल्या. या पहिल्या मोटारी बैलगाडीपेक्षाही बोलक्या होत्या. त्यांची निगा राखायला वेगळा माणूसच ठेवावा लागे. त्याला ‘शोफर’ म्हणत. हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ भट्टी पेटवणारा, आग घालणारा. म्हणजे गाडी हाकणे हे त्याचे दुय्यम काम. मुख्य काम तिला जिवंत ठेवण्याचे. सकाळी उठून पुढच्या हँडलाने इंजिन फिरवायचे. ते हँडल कधी उलटे फिरे आणि मनगट मोडून जाई. डॉक्टरांच्या पुस्तकात मनगटाच्या एका प्रकारच्या मोडीला ‘शोफरची मोड’ असे नावच पडले आहे. १९१२ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसला, आणि पुढे हे हँडल मारणे मागे पडत गेले.

त्याच काळातला आणखी एक शब्द आपल्याकडे टिकला आहे, तो म्हणजे स्टेपनी. शिक्षक मंडळींनी वर्गात सांगावी अशी ही गोष्ट आहे. वेल्समधल्या लनेली नावाच्या गावात स्टेपनी स्ट्रीट नावाची एक आळी आहे. तिथे १९०४ च्या सुमारास दोन डेव्हिस बंधूंनी मोटारीसोबत जादा चाक न्यायची युक्ती काढली आणि आळीचे नाव चाकाला दिले. खुद्द विलायतेत तो शब्द आता कोणाच्या तोंडी नाही. सिन्नरच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी मात्र आहे.

आता आपल्या घाटाकडे येऊ. कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारा हा थळ घाट जुन्या मोटारींची खरी परीक्षा होती. रेल्वे हा घाट १८६५ साली चढली, तीही सदतीस फुटांत एक फूट अशा चढाने आणि मागून जादा इंजिने लावून. मोटारीला मागून ढकलणारे कोणी नव्हते. इंजिन तापे, रेडिएटरमधले पाणी उकळे, बॉनेटमधून वाफ निघे. मग गाडी कडेला, सगळे प्रवासी खाली, आणि ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन उभा. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथे पाणी शंभर अंशांच्याही दोन अंश आधीच उकळते. वर पोचले की घाटनदेवीला हात जोडायचे आणि गाडीला निवू द्यायचे. भक्ती आणि इंजिनाची विश्रांती एकाच थांब्यात होत असे.

पुढे रेडिएटरला दाब धरणारे झाकण आले. तत्त्व स्वयंपाकघरातल्या कुकरचेच. दाब वाढला की पाणी ११५-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. साध्या पाण्याऐवजी आता रंगीत कूलंट घालतात. ते सहजासहजी उकळत नाही आणि आतले लोखंड व ॲल्युमिनियम गंजू देत नाही. त्यामुळे घाटात उभ्या राहणाऱ्या गाड्या पुष्कळ कमी झाल्या. पण त्या झाकणामुळेच एक नवा धोका निर्माण झाला. गरम इंजिनाचे झाकण जुन्या सवयीने फडके धरून उघडले, तर दाबाखालचे पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येते. इंजिन निवल्यावाचून त्याला हात लावू नये. आणि कूलंट संपले म्हणून बाटलीतले पाणी ओतून वर्षानुवर्षे तसेच चालवणे, हेही बरे नव्हे. रस्त्यात अडल्यावर गाव गाठण्यापुरते ते ठीक.

निगेच्या इतिहासात महाराष्ट्राला सर्वांत मोठा धडा कोणी दिला असेल, तर माझ्या मते एस. टी.ने. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही पहिली एस. टी. धावली. त्याआधी खाजगी सर्व्हिस मोटारी होत्या; त्या मोडेपर्यंत चालत आणि मोडल्या की दुरुस्त होत. एस. टी.चे गणित वेगळे होते. सकाळी सहाची गाडी सहाला सुटली पाहिजे, म्हणजे ती रात्रीच तपासली गेली पाहिजे. अमुक किलोमीटर झाले की गाडी आगारात थांबवायची, तिची काही तक्रार असो वा नसो. तेल बदलायचे, ब्रेक पाहायचे, ग्रीस मारायचे, वहीत लिहायचे. एस. टी.च्या खडखडाटावर आपण पुष्कळ विनोद केले आहेत, मीही केले आहेत. पण तक्रार येण्याआधी तपासणी, ही शिस्त आपल्या खेड्यापाड्यांपर्यंत पहिल्यांदा त्या तांबड्या गाडीने नेली. वैद्यकात लस टोचण्याचे जे महत्त्व, तेच हे.

घरच्या मोटारींचे युग तेव्हा नुकते सुरू होत होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली मोटार बाहेर पडली. पुढे तिथेच फियाट बनू लागली. तीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, तेव्हा अनेकांचे डोळे ओले झाले. डोळे ओले करणाऱ्यांतले किती जण तिच्या निपलांना ग्रीस मारत होते, हा प्रश्न वेगळा.

कारण त्या गाडीची सेवा सोपी नव्हती. स्टिअरिंगच्या आणि चाकांच्या सांध्यांना दर हजार-दीड हजार किलोमीटरला ग्रीस लागे. कॉन्टॅक्ट पॉइंट घासावे लागत. प्लग काढून पॉलिश पेपरने साफ करावे लागत. पेट्रोलमध्ये तेव्हा शिसे घालत, त्याचा थर प्लगवर बसायचा. कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला की गाडी खोकायची. ड्रायव्हर जेट काढून तोंडाने फुंकायचा. नव्या गाडीच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी पट्टी लावून पहिले काही शे मैल तिला नव्या सुनेसारखे जपायचे. ही उपमा जुन्या काळची, सुनांनी राग मानू नये. सुनांना कोणी तितकेही जपले असेल, असे मला वाटत नाही. रविवारची सकाळ म्हणजे गाडीखाली पाय आणि अंगणात पाने, असे कित्येक घरांत असे.

या कामाशी नाशिकचा संबंध पुढे वेगळ्याच अंगाने आला. १९७० च्या सुमारास सातपूरला मायकोचा कारखाना उभा राहिला. कंपनीचे नाव २००८ साली बदलून बॉश झाले. पण त्र्यंबक रोडवरच्या चौकाला नाशिककर मायको सर्कलच म्हणतात. इथे डिझेल इंजिनाचे नॉझल बनू लागले. नॉझल म्हणजे डिझेलचा बारीक फवारा उडवणारे तोंड. त्यातली सुई आणि तिचे घर यांच्यामधली फट दोन-चार मायक्रॉनची असते. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. ट्रॅक्टरवाल्यांनी हा आकडा नीट ऐकावा. शेतावर पिंपातले डिझेल आपण फडक्याने गाळून घेतो आणि समाधान मानतो. फडक्याने काडी-कचरा अडेल. जी धूळ नॉझल खाते, ती फडक्यातून निवांत जाते. तिला अडवायला फिल्टरच हवा, आणि तो वेळेवर बदललेला हवा. पिंप हलवल्यावर लगेच डिझेल काढू नये. तळाचे चार बोटे तसेच ठेवावे, कारण पाणी आणि गाळ तळाशी बसतो. टाकी रात्री भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत थंडीत दव धरते. द्राक्षाच्या बागेत थेंबाथेंबाचा हिशोब ठेवणारा आपला शेतकरी इथेच कसा बेफिकीर होतो, याचे मला नवल वाटते.

असो. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली. त्यानंतरच्या वीस वर्षांत मोटारीचे एकेक जुने दुखणे बरे होत गेले. पॉइंट गेले, त्या जागी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आली. कार्बोरेटर जाऊन संगणकाने मोजून पेट्रोल सोडणारी यंत्रणा आली. २००० साली देशभर पेट्रोलमधले शिसे बंद झाले, प्लग स्वच्छ राहू लागले. ग्रीसचे निपल नाहीसे झाले, सांधे कारखान्यातच बंद होऊन येऊ लागले. तेल दोन-तीन हजार किलोमीटरला बदलावे लागे, ते दहा हजारांवर किंवा वर्षावर गेले. आपल्याच नाशकातून २००२ साली स्कॉर्पिओ बाहेर पडली, तोवर रविवारची ती पाने माळ्यावर गेली होती.

यात वाईट काही झाले नाही. दुखणे गेले की पथ्य सुटते, हा नियमच आहे. गोम अशी की, जी दुखणी बरी झाली ती सारी तोंड असलेली होती. कुरकुरणारी, खोकणारी, वाफ सोडणारी. आपण गाडीचे ऐकायला शिकलो होतो ते त्यांच्यामुळे. जी दुखणी राहिली ती मुकी आहेत, आणि गाडी गप्प आहे म्हणजे गाडी ठीक आहे, असे आपण समजू लागलो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन सप्तशृंगी गडावर गेलो होतो. दर्शन झाले, परत नांदुरीकडे उतरू लागलो. पुढे बस, तिच्या मागे मी, वरचा गियर, आणि पाय सारखा ब्रेकवर. निम्म्या घाटात एका वळणावर ब्रेक दाबला, तर पाय लोण्यात जावा तसा खाली गेला. गाडी थांबेना. भराभर दोन-तीनदा पेडल मारले, गियर खाली आणला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी टेकवली. आई मागून म्हणाली, “देवीने राखलं.” मी काही बोललो नाही, माझे हात कापत होते. आणि गंमत पाहा, अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा घट्ट! जणू काही झालेच नव्हते.

अगदी सावकाश वणीपर्यंत आलो. मिस्त्रीने ऐकून घेतले आणि विचारले, “सर, तेल कधी बदललं?”

“मागच्या दिवाळीत.”

“इंजिनाचं नाही हो. ब्रेकचं.”

पानिपतची तारीख मला झोपेतून उठवून विचारा, १४ जानेवारी १७६१. ब्रेकच्या तेलाची तारीख मला ठाऊक नव्हती. गाडी सहा वर्षांची होती आणि ते तेल कारखान्यातून आले तेच होते. मिस्त्रीने ते बाटलीत काढून दाखवले, चहासारखे काळपट. “ह्याला पाणी लागलंय,” तो म्हणाला.

मी नंतर वाचून समजून घेतले. पावसाळ्यात मीठ जसे दमट होते, तसे हे तेल वर्षानुवर्षे हवेतली ओल पिते. बाजारात ‘डॉट ३’ म्हणून मिळणारे ताजे तेल २०५ अंशांच्या आत उकळत नाही. ओल प्यालेले १४० अंशांवरच उकळू शकते. घाटात सतत ब्रेक दाबला की चाकापाशी तेवढी उष्णता सहज होते. तेलाची वाफ होते, वाफ दबते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. गाडी निवली की वाफेचे पुन्हा तेल होते. म्हणून अर्ध्या तासाने सगळे शाबूत. दुखणे पुन्हा मुके झाले. हे तेल दर दोन वर्षांनी बदलायचे असते, आणि त्याला खर्च येतो तो गडावरच्या प्रसादाहून फार नसतो.

जुन्या ड्रायव्हरांचा एक नियम होता : ज्या गियरमध्ये घाट चढाल, त्याच गियरमध्ये उतरा. तो नियम आजही तितकाच खरा आहे, कारण मग गाडी रोखण्याचे बरेच काम इंजिन करते आणि ब्रेक तापत नाही. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे वीर मी आजही पाहतो. इंजिनच बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदतही दोन-तीन दाबांत संपते, हे त्यांना कोणी सांगत नसावे.

दुसरे मुके दुखणे इंजिनाच्या तेलाचे. जुने इंजिन तेल गाळायचे, अंगणात डाग पडायचा, मालकाला कळायचे. आता डाग पडत नाही, म्हणून ती मोजायची पट्टी कोणी बाहेर काढत नाही. पुढ्यातला लाल दिवा लागेलच, असा भरवसा असतो. पण बहुतेक गाड्यांत तो लाल दिवा तेल कमी झाल्याचा नसतो, तेलाचा दाब गेल्याचा असतो. तो लागला म्हणजे इंजिन तिथल्या तिथे बंद करायचे. पुढच्या गावापर्यंत नेऊ म्हटले, तर इंजिन पुढच्या गावी मेलेलेच पोचते. सपाट जागी, सकाळी, इंजिन थंड असताना पट्टी पाहायला एक मिनिट लागते. आठवड्यातून एकदा पुरे.

आणि टायर. जुन्या ट्यूबच्या टायरमध्ये हवा कमी झाली की गाडी एका अंगाला झुके, लांबून दिसे. खिळा लागला की बसलीच. आताचा ट्यूबलेस रेडियल टायर मुळातच खाली थोडा फुगलेला दिसतो. पाच-सहा पौंड हवा कमी असली तरी डोळ्याला कळत नाही, आणि खिळा घेऊनही तो चार दिवस धावतो. दर महिन्याला एक-दोन पौंड हवा आपोआपच जाते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, वाकला की तापतो. गावात चाळीसच्या वेगाने त्याचे काही बिघडत नाही. समृद्धी महामार्गावर एकशेवीसच्या वेगाने, मे महिन्याच्या दुपारी, तापलेल्या सिमेंटवर तासभर चालला की तो फाटतो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि पहिल्याच वर्षी टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरली. तेव्हा परिवहन खात्याच्या पथकांनी रस्त्यावर शिरण्याच्या नाक्यांवर टायर तपासायला आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की मोटारीचा टायर कायद्याने बाद. नक्षी चांगली असली तरी टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत : ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. वापर कमी असला तरी रबर म्हातारे होतेच, त्याला चिरा पडतात. घरी वर्षातून चारदा निघणाऱ्या मोटारीला हे विशेष लागू आहे.

५ जून २०२५ रोजी या महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाला. त्यात सह्याद्रीच्या पोटातून गेलेला जवळजवळ आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. ज्या चढावर पाण्याचे डबे लागत, तो आता काही मिनिटांत मागे पडतो. बोगद्यात चढ जाणवत नाही, वाफ दिसत नाही, निवायला थांबता येत नाही. घाटनदेवी वर डोंगरावर राहते.

मुंबईला जायचे असले की मी आदल्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, घराजवळच्या पंपावर जातो. हवा भरणारा मुलगा आता ओळखीचा झाला आहे. “सर, किती ठेवू?” तो विचारतो. दाराच्या चौकटीवरचा आकडा वाचून मी सांगतो. चारही चाके झाली की तो पाइप गुंडाळायला लागतो. “अरे थांब, स्टेपनी राहिली,” असे म्हणून मी मागचे दार उघडतो, आणि दर खेपेला त्याला तितकेच नवल वाटते.